ठोका पुन्हा चुकला तरी गोळी चुकवू नका

रविवारच्या वंदनेनंतर घाटकोपरच्या एका विहारात आम्ही रक्तदाब तपासायला बसलो होतो. रांगेतल्या एका ताईंनी हात पुढे करण्याऐवजी पिशवीतून जाडजूड फाईल काढली. फाईल त्यांच्या मिस्टरांची होती. वय ५६, रिक्षा चालवतात. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून आठ महिन्यांपूर्वी त्यांचे ॲब्लेशन झाले होते. त्यासाठी ताईंनी भिशी उचलली, गळ्यातले गहाण ठेवले. सहा महिने बरे गेले. आता जिना चढताना धाप लागते आणि रात्री छातीत पुन्हा धडधड सुरू होते.

"जाळून टाकलं म्हणाले होते ना? मग परत कसं आलं?" हा ताईंचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न त्यांनी हळू आवाजात विचारला, "आता पुन्हा तेवढेच पैसे लागणार का?"

आम्ही उलट विचारले, "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना?"

"ती तर यांनी केव्हाच सोडली. ऑपरेशन झालं, मग गोळी कशाला, म्हणाले."

धडधडीपेक्षा आम्हाला या उत्तराची जास्त भीती वाटली. असे घर एकच नसणार, म्हणून या वेळचे आरोग्य पान याच विषयाला दिले आहे.

बिघाड कुठे होतो?

हृदयाला चार कप्पे असतात, दोन वर आणि दोन खाली. वरच्या उजव्या कप्प्यात निघालेली बारीकशी वीज ठरलेल्या वाटेने खाली जाते आणि त्या तालावर हृदय आकुंचन पावते. विश्रांतीत मिनिटाला साधारण ६० ते १०० ठोके पडतात. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजेच एएफ या आजारात वरच्या कप्प्यांत ही वीज वाट्टेल तशी फिरते. ते कप्पे नीट दाबले न जाता नुसते थरथरत राहतात. नाडी कधी भरभर, कधी थांबून, कशीही लागते. काहींना धडधड, धाप, चक्कर किंवा थकवा जाणवतो. काहींना काहीच जाणवत नाही.

खरा धोका रक्त साचण्याचा असतो. थरथरणाऱ्या कप्प्यातले रक्त पूर्ण बाहेर पडत नाही. डाव्या वरच्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखी एक लहान पिशवी असते. तिथे साचलेल्या रक्ताची गुठळी होते आणि ती सुटून मेंदूत गेली की अर्धांगवायूचा झटका येतो. एएफ असलेल्या माणसाला हा धोका इतरांपेक्षा सुमारे पाचपट असतो. घरातला कमावता माणूस एका बाजूने लुळा पडला तर काय होते, हे आपल्या वस्त्यांना सांगायला नको.

१९९८ साली फ्रान्समधील बोर्दो शहरातल्या डॉक्टरांनी दाखवून दिले की, एएफची ठिणगी बहुतेक वेळा फुप्फुसातून डाव्या कप्प्यात रक्त आणणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडते. ॲब्लेशनमध्ये जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयात नेतात आणि त्या तोंडांभोवती उष्णतेने किंवा थंडीने व्रणांचे कुंपण घालतात. अलीकडे विजेच्या अतिसूक्ष्म झटक्यांचीही पद्धत आली आहे. कुंपण पक्के झाले की ठिणगी आत येत नाही.

मग धडधड परत का येते?

पहिले कारण वेळेचे. ॲब्लेशननंतर आतली जागा सुजलेली असते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत ठोके चुकले तर उपचार फसला असा निष्कर्ष डॉक्टर काढत नाहीत. हा व्रण भरण्याचा काळ असतो. त्या काळात औषधे चालू ठेवून वाट पाहतात. म्हणून दुसऱ्या महिन्यात धडधडले, लगेच दुसऱ्या ऑपरेशनसाठी कर्ज काढले, असे करू नये.

दुसरे कारण कुंपणातली फट. व्रण सगळीकडे सारखा पक्का होत नाही. काही ठिकाणी पेशी पुन्हा जोडल्या जातात आणि तिथून वीज परत वाट काढते. तीन महिन्यांनंतर परतणाऱ्या एएफमध्ये हे कारण फार वेळा सापडते.

तिसरे कारण कप्प्याचेच. वर्षानुवर्षे वाढलेला रक्तदाब, वजन, मधुमेह, दारू, झोपेत अडकणारा श्वास यांनी कप्पा ताणला गेला असेल, तर ठिणगी दुसऱ्या जागी पडते. कधी एएफऐवजी फ्लटर नावाची, जरा वेगळ्या तालाची धडधड सुरू होते. तिच्यावरही उपचार आहे.

पहिल्या ॲब्लेशननंतर दर दहापैकी साधारण दोन ते चार जणांना हा त्रास पुन्हा होतो. आजार जितका जुना, तितकी ही शक्यता जास्त. त्यामुळे ताईंच्या मिस्टरांचे काही चुकले, आम्ही पाप केले, कुणाची नजर लागली, असे काही नाही. हा आजारच असा आहे.

आपल्याकडची वेगळी गोष्ट

भारतातल्या २४ केंद्रांनी २०११-१२ मध्ये एएफच्या १,५३७ रुग्णांची नोंद केली होती. त्यांचे सरासरी वय ५५ च्या आसपास निघाले. पाश्चात्त्य देशांत हा प्रामुख्याने म्हाताऱ्यांचा आजार आहे. आपल्या नोंदीतल्या जवळपास निम्म्या रुग्णांना संधिवाती तापाने खराब झालेल्या झडपेचा आजार होता. लहानपणी घसा दुखतो, मग ताप येतो, सांधे सुजतात आणि तो ताप हृदयाची झडप खाऊन जातो. दाटीच्या, हवा न खेळणाऱ्या खोल्यांत हा घशाचा संसर्ग लवकर पसरतो. म्हणजे गरिबीचा शिक्का हृदयाच्या झडपेवरही उमटतो.

याचा परतलेल्या एएफशी थेट संबंध आहे. झडप अरुंद असेल आणि तिच्याकडे लक्ष दिले नसेल, तर नुसते कुंपण घालून भागत नाही. आधी झडपेचा उपचार लागतो, तो फुग्याने किंवा शस्त्रक्रियेने होतो. म्हणून टू-डी इकोचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना विचारा, "झडप कशी आहे?" आणि घरातल्या मुलाला संधिवाती ताप होऊन गेला असेल, त्याला दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन सांगितले असेल, तर ते एकदाही चुकवू नका.

आधी नोंद, मग निर्णय

महावग्गात आजारी भिक्खूची कथा आहे. मलमूत्रात पडलेल्या त्या भिक्खूला भगवान बुद्धांनी आणि आनंदाने स्वतःच्या हातांनी धुतले. त्याच ठिकाणी, कोणत्या रुग्णाची सेवा करणे सोपे जाते, हेही तथागतांनी सांगितले आहे. जो पथ्य पाळतो, प्रमाण जाणतो, औषध घेतो आणि आजार वाढतो आहे, उतरतो आहे की तसाच आहे हे सेवा करणाऱ्याला खरेखरे सांगतो, तो रुग्ण. अडीच हजार वर्षांनंतर हृदयाचे डॉक्टर रुग्णाकडे नेमके हेच मागतात.

एक वही करा. धडधड कोणत्या दिवशी, किती वाजता, किती वेळ, काय करताना झाली, ते लिहा. मनगटावर तीन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. किती ठोके पडले आणि ते तालात होते की बेताल, दोन्ही लिहा. शाळेत जाणारी मुलगी किंवा मुलगा हे काम छान करतो.

धडधड चालू असतानाच ईसीजी निघाला तर त्याच्याइतका पक्का पुरावा नाही. राजावाडी, कूपर, कांदिवलीचे शताब्दी अशा जवळच्या पालिका रुग्णालयात जा आणि ईसीजीची प्रत मागून घ्या. धडधड येऊन-जाऊन असेल तर डॉक्टर छातीला होल्टर नावाचे यंत्र २४ तास किंवा त्याहून जास्त काळ लावतात. घाबरण्यामुळे, रक्त कमी असल्याने, थायरॉईडमुळेही छातीत धडधडते. पुरावा नसताना दुसऱ्या ॲब्लेशनची घाई करू नये.

गोळीचा हिशेब वेगळा

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. धडधड थांबवण्याचा उपचार वेगळा आणि गुठळी होऊ न देण्याचा उपचार वेगळा. ॲब्लेशन पहिल्यासाठी असते. रक्त पातळ करणारी गोळी दुसऱ्यासाठी असते. एक झाले म्हणून दुसरे सुटत नाही.

ॲब्लेशननंतर किमान दोन-तीन महिने ही गोळी प्रत्येकालाच घ्यावी लागते. त्यापुढे चालू ठेवायची का, हे धडधड आहे की नाही यावर ठरत नाही. वय ६५ च्या पुढे आहे का, रक्तदाब आहे का, मधुमेह आहे का, हृदय कमजोर आहे का, रक्तवाहिन्यांचा आजार आहे का, आधी अर्धांगवायूचा झटका येऊन गेला का, यांचे गुण मोजून डॉक्टर ठरवतात. गुण जास्त असतील तर ठोके सुरळीत झाले तरी गोळी चालूच राहते. ताईंच्या मिस्टरांना रक्तदाबही आहे आणि मधुमेहही. गोळी सोडताना त्यांनी हा हिशेब कुणाला विचारलाच नव्हता.

गोळ्या दोन प्रकारच्या आहेत. वारफेरिन किंवा ॲसेनोकुमॅरॉल ही जुनी आणि स्वस्त औषधे आहेत, पण त्यांच्यासोबत आयएनआर ही रक्ततपासणी वरचेवर करावी लागते. आयएनआर साधारण २ ते ३ च्या मध्ये ठेवतात. डॅबिगॅट्रान, रिव्हरॉक्सॅबन, ॲपिक्सॅबन ही नवी औषधे आहेत. त्यांना ही तपासणी लागत नाही, पण मात्रा चुकली तर संरक्षण लगेच उतरते. झडप बरीच अरुंद असेल किंवा धातूची झडप बसवलेली असेल, तर जुनी गोळीच लागते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात संधिवाती झडपेच्या रुग्णांमध्ये रिव्हरॉक्सॅबन घेणाऱ्यांपेक्षा जुन्या प्रकारची गोळी घेणाऱ्यांत मृत्यू कमी झाले. म्हणून शेजाऱ्याला नवी दिली, मलाही द्या, असे मेडिकलवाल्याला सांगू नका.

जुनी गोळी चालू असेल तर पालक, मेथी, शेपू बंद करायची गरज नाही. आठवडाभर सारख्या प्रमाणात खा. एक आठवडा रोज भाजी आणि पुढचा आठवडा अजिबात नाही, असे केले की आयएनआर बिघडतो. अंगदुखीसाठी दुकानातून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेऊ नका. या गोळ्यांसोबत पोटात रक्तस्राव होऊ शकतो. काढे आणि जडीबुटीही डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नको.

पुढे कोणते रस्ते आहेत?

*ताल सांभाळणारी औषधे.* फ्लेकेनाइड, प्रोपाफेनोन, सोटॅलॉल, ॲमिओडॅरोन ही त्यांपैकी काही नावे. ॲब्लेशनच्या आधी ज्या औषधाने गुण आला नव्हता, तेच औषध नंतर कधी कधी लागू पडते. पण प्रत्येकाची अट आहे. पहिली दोन हृदय कमजोर असलेल्यांना किंवा हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांना देत नाहीत. सोटॅलॉलसाठी ईसीजी आणि किडनी पाहावी लागते. ॲमिओडॅरोन प्रभावी आहे, पण ते थायरॉईड, यकृत, फुप्फुस आणि डोळ्यांवर परिणाम करू शकते. ते चालू असेल तर थायरॉईड आणि यकृताची तपासणी दर सहा महिन्यांनी मागा. ते जुन्या प्रकारच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा जोरही वाढवते, म्हणून आयएनआर लवकर तपासावा लागतो.

*शॉक देऊन ताल बसवणे.* थोडी भूल देऊन छातीवर मोजका विजेचा झटका देतात. काम काही क्षणांचे असते. पण त्याआधी किमान तीन आठवडे रक्त पातळ करणारी गोळी न चुकता घेतलेली असावी लागते, नाहीतर अन्ननलिकेतून सोनोग्राफी करून गुठळी नाही ना हे पाहावे लागते. नंतरही किमान चार आठवडे गोळी लागते. गोळी सोडलेल्या माणसाचा हा रस्ताही लांबतो, तो असा.

*दुसरे ॲब्लेशन.* तीन महिने उलटून गेले आहेत, त्रास होतो आहे, ईसीजीत पुरावा आहे आणि औषधाने भागत नाही, तेव्हा याचा विचार होतो. डॉक्टर आधी कुंपणातली फट शोधतात आणि ती बुजवतात. ज्यांची धडधड येऊन-जाऊन असते त्यांना याचा चांगला फायदा होतो. महिनोन्‌महिने सतत एएफ असेल, डावा कप्पा फार मोठा झाला असेल, तर यश कमी मिळते. म्हणून सही करण्याआधी चार गोष्टी विचारा. माझ्यासारख्या रुग्णाला किती फायदा होतो? धोके कोणते? नाही केले तर काय होईल? एकूण खर्च किती आणि त्यातले योजनेत किती बसते?

*ताल सोडून वेग धरणे.* मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन अशा औषधांनी ठोक्यांचा वेग आवरायचा, ताल बेताल राहिला तरी चालेल, हाही रीतसर उपचार आहे. २००२ साली अमेरिकेत ४ हजारांहून अधिक रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. औषधांनी ताल सांभाळणाऱ्या गटात आणि नुसता वेग सांभाळणाऱ्या गटात आयुर्मानाचा फायदा-तोटा असा वेगळा दिसला नाही. त्रास कमी असलेल्या, वय झालेल्या माणसाला डॉक्टरांनी हा रस्ता सांगितला, तर "गरीब म्हणून सोडून दिलं" असे समजू नका. गोळी मात्र इथेही चालूच.

*पेसमेकर आणि मधली वाट तोडणे.* औषधाने वेगही आवरत नसेल तर पेसमेकर बसवून वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली विजेची वाट बंद करतात. धडधड थांबते, पण माणूस कायमचा पेसमेकरवर अवलंबून राहतो. हा शेवटच्या पायरीचा उपचार आहे.

*शस्त्रक्रिया.* झडपेचे किंवा बायपासचे ऑपरेशन करायचेच असेल, तर त्याच वेळी कप्प्यात व्रणांच्या रेषा मारून एएफवरही उपचार करता येतो. रक्तस्रावामुळे ज्यांना गोळी घेताच येत नाही, त्यांच्यासाठी ती कानासारखी पिशवी नळीने बंद करण्याचा महागडा उपाय आहे.

पैसे नाही, पण निश्चय लागतो

कोणताही रस्ता घेतला तरी काही कामे घरातच करायची आहेत.

वजन जास्त असेल तर उतरवा. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहरात २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दहा टक्के किंवा जास्त वजन उतरवून ते टिकवणाऱ्यांचे ठोके इतरांपेक्षा खूपच जास्त प्रमाणात सुरळीत राहिले. ऐंशी किलोच्या माणसाने आठ किलो उतरवायचे, एवढाच हा हिशेब आहे.

रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवा. सुकट, बोंबील, पापड, लोणचे यांत मीठ फार असते. रोजच्या ताटातून ते कमी करा. मिसरी, गुटखा, बिडी सोडा. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकून दचकून उठणे, दिवसा डुलक्या येणे ही लक्षणे असतील तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा.

आणि दारू. २०२० साली ऑस्ट्रेलियातच नियमित दारू पिणाऱ्या १४० एएफच्या रुग्णांवर अभ्यास झाला. अर्ध्यांना दारू सोडायला सांगितले. सहा महिन्यांत पीत राहिलेल्यांपैकी ७३ टक्के लोकांना एएफ परत आले, सोडणाऱ्यांपैकी ५३ टक्के लोकांना. म्हणजे नुसती बाटली बाजूला ठेवल्याने एवढा फरक. पंचशीलातले पाचवे शील आपण दर वंदनेला म्हणतो. या आजारात ते औषधच आहे.

खर्चाचा विचार

कर्ज काढण्याआधी तीन ठिकाणी चौकशी करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांसाठी असून संरक्षण वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. तुमचा उपचार, त्याच नावाने, योजनेत बसतो का आणि या रुग्णालयात होतो का, हे त्याच्याकडून भरतीच्या आधी पक्के करा. योजनेचा मदत क्रमांक १५५३८८ आहे.

दुसरे, केईएम, सायन, नायर आणि जे. जे. या रुग्णालयांतले हृदयरोग विभाग. उपनगरातून जायला दिवस मोडतो हे खरे, पण दुसरे मत घेण्यासाठी तो मोडावा.

तिसरे, धर्मादाय रुग्णालये. विश्वस्त कायद्याखाली येणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका आणि आधार घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात जा. ही भीक नव्हे, हक्क आहे. रोजच्या गोळ्यांसाठी जनऔषधी केंद्रात त्याच घटकाचे स्वस्त औषध मिळते का तेही विचारा.

तेव्हा थांबू नका

तोंड वाकडे होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही दिसले तर लगेच १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येते, म्हणून लक्षणे कधी सुरू झाली ती वेळ लक्षात ठेवा. छातीत दुखणे, शुद्ध हरपणे, काळी शी होणे, न थांबणारा रक्तस्राव यांतही तसेच.

ॲब्लेशननंतर पहिल्या दोन महिन्यांत ताप, गिळताना दुखणे किंवा रक्ताची उलटी झाली तर घरगुती उपाय करत बसू नका. अन्ननलिकेला इजा झाल्याचे हे क्वचित दिसणारे, पण जीवघेणे लक्षण असू शकते. दवाखान्यात गेल्यावर "ॲब्लेशन झालंय" हे पहिले वाक्य असू द्या. नाहीतर घशाचा आजार समजून दुर्बिणीने तपासायला जातील, आणि अशा इजेत दुर्बीण घालणे धोक्याचे असते.

त्या ताईंचे मिस्टर दुसऱ्याच दिवशी ओपीडीत गेले. तपासण्या होऊन गोळी पुन्हा सुरू झाली. ईसीजीत एएफच निघाले. आता नवे औषध चालू आहे, दुसऱ्या ॲब्लेशनचा विचार तीन महिन्यांनी करू, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. चक्कर येते त्या दिवशी ते रिक्षा काढत नाहीत आणि ते दिवस घराला जड जातात. नाडी मोजायचे आणि वही लिहायचे काम नववीतल्या मुलीने घेतले आहे. मागच्या रविवारी ताईंनी ती वही आम्हाला दाखवली. प्रत्येक तारखेपुढे तिने एक रकाना स्वतःहून वाढवला होता. त्यात लिहिले होते, "गोळी घेतली."

तुमच्या घरात असा रुग्ण असेल तर आज रात्री जेवणानंतर हा एक प्रश्न विचारा. गोळी घेतली का?

जय भीम!